दोन घड्याळांतलं एक

विमलाबाई पगारे नाशिकच्या सिडकोतल्या आपल्या गल्लीतून चालायला लागल्या की दोन-तीन ओट्यांवरून तरी हात पुढे येतात. ते नमस्कारासाठी नसतात. "सिस्टर, जरा बघा ना, सकाळपासून धडधडतंय," असं म्हणत बाया मनगट पुढे करतात. विमलाबाई उभ्या उभ्या नाडी बघतात. कुणाला "काही नाही, पाणी पी आणि सुनेशी भांडणं कमी कर" म्हणतात, तर कुणाला "उद्याच्या उद्या दवाखान्यात जा" म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीनं त्यांना अजून कामावरून सोडलेलं नाही आणि त्यांनाही सुटायची घाई नाही.

त्यांच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ असायचं. चावीचं, मोठ्या पांढऱ्या तबकडीचं, पुरुषांचं. एवढ्याशा मनगटावर ते ताटासारखं दिसायचं.

त्याला कारण होतं. विमलाबाईंचे वडील धोंडीराम लासलगावच्या मार्केट यार्डात हमाल होते. कांद्याच्या गोण्या वाहून त्यांची मान कायमची एका बाजूला कलली होती. लेक नर्सिंगच्या परीक्षेत पास झाली, तेव्हा ते धुतलेला सदरा घालून तिला नाशकात मेनरोडवरच्या एका घड्याळाच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं लेडीज घड्याळांचा ट्रे पुढे केला. नाजूक, सोनेरी, नखाएवढी घड्याळं.

"याच्यात सेकंदाचा काटा कुठंय?" विमलनं विचारलं.

"लेडीजमध्ये नसतो, ताई. कोण बघतं सेकंद?"

"मी बघणार."

मग तिनं स्वतःच काचेवर बोट ठेवून एक घड्याळ दाखवलं. दुकानदार हसला. म्हणाला, "अहो, हे जेंट्स आहे. पोरीच्या हातात बरं दिसेल का?"

तेव्हा धोंडीराम बोलले. एरवी शिकलेल्या माणसांसमोर तोंड न उघडणारा माणूस, पण त्या दिवशी सगळं दुकान वळून बघेल एवढ्या मोठ्यानं बोलले. "माझ्या लेकीला लोकांच्या नाड्या मोजायच्यात, शेठ. बांगडी नको. घड्याळ दाखवा."

ते घड्याळ हातावर बांधून विमलाबाई सायखेड्याकडच्या एका उपकेंद्रात रुजू झाल्या. आधी पायी, मग सायकलवर, पुढे पुढे मोपेडवर त्यांनी गोदाकाठची गावं पालथी घातली. विहिरीवरच्या बाया हसायच्या, "नर्सबाईनी नवऱ्याचं घड्याळ घातलं वं!" लग्न तर अजून व्हायचं होतं. विमलाबाई म्हणायच्या, "नवरा मिळाला की त्याला दुसरं घेऊन देईन. हे माझंच हाय." सुरुवातीला काही घरांत त्यांना पाणी विचारताना लोक अडखळायचे. बाळंतपणाची वेळ आली की मात्र कुणी अडखळत नसे. मग हळूहळू पाणी आलं, चहा आला, आणि लग्नाच्या पत्रिका घरपोच यायला लागल्या.

पत्रिकांवरून आठवलं. मूल जन्मलं की घरातलं म्हातारं माणूस दाराआडून पहिला प्रश्न विचारी, "येळ काय झाली, बाई?" कुंडली मांडायची असायची. विमलाबाईंचा ग्रहताऱ्यांवर काडीचा विश्वास नाही. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि लेकाचं लग्नही बिनमुहूर्ताचं. पण वेळ मात्र त्या चोख सांगायच्या. "वेळ खरी आहे, ती घ्या. पुढचं तुमचं तुम्ही बघा." त्या पट्ट्यात आज बोहल्यावर चढणाऱ्या कितीतरी पोरापोरींच्या कुंडल्या विमलाबाईंच्या घड्याळावर मांडलेल्या आहेत. याचं त्यांना हसूही येतं आणि, खरं सांगायचं तर, अभिमानही वाटतो.

एका वर्षी गोदावरीला पूर आला. खालच्या आळीतली सगळी घरं शाळेत हलवली होती, आणि तिथंच एका वर्गात, फळ्याखाली, रोशनी नावाच्या मुलीचं पहिलं बाळंतपण झालं. मूल निळं पडलेलं. रडेना. बाहेर पुराचं पाणी शाळेच्या पायऱ्यांना लागलेलं, गाडी यायला रस्ता नाही. विमलाबाईंनी बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवली, डोळे सेकंदाच्या काट्यावर ठेवले, आणि तोंडानं फुंकर घालायला लागल्या. फुंकर, ठोके, काटा. फुंकर, ठोके, काटा. वर्गातल्या बायांनी श्वास रोखून धरला होता. शेवटी त्या पोरानं असा काही टाहो फोडला की व्हरांड्यातली गडीमाणसं टाळ्या वाजवायला लागली. ते पोर आता ट्रॅक्टर चालवतं.

असं ते घड्याळ. मागल्या महिन्यात त्याच्या पट्ट्याची झिजलेली पिन निसटली आणि ते कपडे भिजवलेल्या बादलीत पडलं. विमलाबाईंच्या ध्यानात आलं तोवर त्यानं साबणाच्या पाण्यात एक अख्खा दिवस काढला होता. सून चैतालीनं ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, मोबाईल भिजला की ठेवतात तसं. तांदूळ वाया गेले, घड्याळ काही चालू झालं नाही.

मुलगा नवनाथ अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "आई, झालं त्याचं आयुष्य. तुला मी स्मार्ट वॉच घेतो. आपोआप नाडी मोजतं. झोप मोजतं, पावलं मोजतं."

"माझी पावलं कुणाला मोजायचीत?" विमलाबाई म्हणाल्या. "आधी दुरुस्त होतं का बघते. होत नसेल तर मग नवं. पण ते ठरवणार मी."

जुन्या नाशकात, दूध बाजाराच्या मागच्या एका बोळात निसारभाईंचं घड्याळाचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक काचेचं कपाट आणि तिन्ही भिंतींवर टांगलेली घड्याळं. प्रत्येकात वेगळे वाजलेले. निसारभाईंचे हात आता थरथरतात, त्यामुळे बारीक काम त्यांची मुलगी निलोफर करते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि बोलणं अगदी स्वच्छ, नाशकातल्या कुठल्याही शाळेतल्या मुलीसारखं. निसारभाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी बोलतात. विमलाबाई नर्स होत्या हे त्यांनी बोलता बोलता काढून घेतलं.

निलोफरनं घड्याळाचं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि ओठ दाबले.

"मावशी, पाणी पार आत शिरलंय. अर्धं मशीन गंजलं. तुम्हाला तीन गोष्टी सांगते. एक, ह्याच जातीचं दुसरं जुनं घड्याळ मिळालं तर त्याचे पार्ट काढून हे उभं करता येईल. नवे पार्ट आता येत नाहीत. दोन, आतलं मशीन काढून टाकायचं आणि सेलवरचं बसवायचं. वरून दिसायला हेच, आत दुसरं. तीन..."

"तीन मला माहितीये," विमलाबाई म्हणाल्या. "तीन माझा मुलगा रोज सांगतो."

निसारभाई कोपऱ्यातून म्हणाले, "सिस्टर, चावीच्या घड्याळात सेल घालणं म्हणजे मुडद्याच्या डोळ्यात सुरमा. माझ्या दुकानात मी नाही करू देणार."

"अब्बा, गिऱ्हाइकाला ठरवू द्या."

"ठरवू दे ना. मी फक्त सांगितलं." आणि ते हसत उठले. "थांबा. ह्या जातीचं एक वरच्या फळीवर असेल. डब्यात आहे."

त्यांनी हात वर केला, डब्याला बोटं लावली, आणि तसेच थांबले. मग फळी धरली. मग हळूच, जणू कुणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तसे, खाली बसले. कपाळावर घामाचे थेंब जमले होते.

निलोफर पटकन उठली. "होतं असं अधूनमधून. सकाळपासून नुसत्या चहावर आहेत. पित्त असेल. मी लिंबूपाणी आणते."

पण विमलाबाई तोवर त्यांच्या शेजारी पोचल्या होत्या. निसारभाईंचं मनगट त्यांच्या बोटांखाली होतं. सवयीनं त्यांनी आपला डावा हात डोळ्यांसमोर आणला. तिथं घड्याळ नव्हतं. उन्हानं न रापलेल्या कातडीचा एक फिकट पट्टा तेवढा होता. त्यांनी भिंतीकडे मान वळवली नाही. गरजच पडली नाही. बोटांना कळलं होतं.

एक ठोका पडत होता. मग इतका खोळंबा, की पुढचा येतोय की नाही याची वाट बघावी. मग जड पावलानं तो यायचा. मग पुन्हा खोळंबा. मध्येच एखादा गाळलेला.

"किती दिवस चक्कर येतेय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सिस्टर. उमर झाली."

"मी वय नाही विचारलं."

"दोन-तीन हफ्ते," निसारभाई म्हणाले. "जिना चढताना अंधारी येते."

विमलाबाईंनी निलोफरकडे पाहिलं. "लिंबूपाणी राहू दे. रिक्षा बोलव. नाडी चाळीसच्या आत आहे. हे पित्त नाही."

निसारभाई उठायला लागले. "आत्ता कुठं... गिऱ्हाइकं येणार आहेत. संध्याकाळी जाऊ."

गोदाकाठच्या गावांमध्ये ज्या आवाजाला सासवा, सरपंच आणि दारू पिऊन आलेले नवरे दबून असायचे, तो आवाज विमलाबाईंनी कितीतरी दिवसांनी बाहेर काढला. "निसारभाई, मी विचारत नाहीये. सांगतेय. दुकान कुठं पळून जात नाही. बसा खाली, आणि रिक्षा आली की माझा हात धरून उठायचं."

निसारभाई बसले.

रिक्षात विमलाबाई त्यांच्या बाजूला बसल्या. शालिमारची गर्दी, हॉर्न, मध्येच आडवी आलेली हातगाडी, कशाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. बोटं मनगटावरून त्यांनी हलवली नाहीत. निलोफर पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धी वळून बसली होती आणि तिचे डोळे सारखे विमलाबाईंच्या चेहऱ्यावर होते. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. विमलाबाईंनी तिला चार वाक्यांत सगळं सांगितलं. चक्कर कधीपासून, नाडी कशी, ठोका कसा गळतो, घाम केव्हा आला. डॉक्टरिणीनं ऐकता ऐकताच आयाला खूण केली आणि ईसीजीच्या पट्ट्या लावायला घेतल्या. कागद बाहेर आला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं लगेच आणलंत. आणखी थांबला असतात तर जिन्यात कोसळले असते. तुम्ही नर्स आहात का, मावशी?"

"होते," विमलाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आहे."

परतताना सिटीलिंकच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. विमलाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या. इतके दिवस त्यांना वाटायचं, आपली विद्या त्या घड्याळात आहे. ते बंद पडलं तेव्हा आत कुठंतरी धस्स झालं होतं ते यासाठीच. घड्याळ गेलं म्हणजे आपण नुसती एक म्हातारी बाई उरलो, गल्लीतल्या बाया मायेपोटी हात पुढे करतात तेवढंच. आणि आज घड्याळाच्या दुकानात, चहूबाजूंनी घड्याळं टांगलेली असताना, त्यांनी एकाकडेही न बघता माणसाचं दुखणं ओळखलं होतं. काटा केव्हाचा बोटांत उतरला होता. त्यांना एकदम हसू आलं. समोरच्या बाकावरची कॉलेजची मुलगी बघायला लागली, तेव्हा त्यांनी पदर तोंडावर धरला.

काही दिवसांनी निलोफरचा फोन आला. "अब्बा घरी आलेत. अम्मी म्हणते, मावशींना जेवायला घेऊन ये, नाहीतर तू पण येऊ नकोस."

घर दुकानाच्या वरच होतं. निलोफरच्या अम्मी जुलेखाबींनी दारातच विमलाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ धरून ठेवले. मग दालचा-भात वाढला आणि ताटात जागा दिसली की पुन्हा वाढला. निसारभाई उशीला टेकून बसले होते. गळ्याखाली, डाव्या बाजूला, बँडेज होतं. हृदयाला ठोका देणारं यंत्र आत बसवलेलं.

"सिस्टर," ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मी त्या दिवशी जे बोललो ते मागे घेतो."

"काय बोललात?"

"चावीच्या घड्याळात सेल घालू नये म्हणून." त्यांनी बँडेजवर हळूच बोट ठेवलं. "आता माझ्यातच घातलाय."

जुलेखाबी हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. निलोफरही हसली, आणि मग तिनं एक छोटा डबा आणून जेवणाच्या ताटांपासून दूर, खिडकीपाशी उघडला. आत दोन घड्याळं होती. एक विमलाबाईंचं. दुसरं हुबेहूब तसंच, तबकडी जरा पिवळी पडलेली.

"मावशी, त्या दिवशी अब्बा हेच काढत होते. हे बहिरूनानांचं आहे, दिंडोरीकडच्या. एसटीत ड्रायव्हर होते. ह्याचं बाकी मशीन चांगलं आहे, पण बॅलन्स तुटलाय, म्हणजे आतलं चाक, जे टिकटिक करतं ते. तुमचं उलटं आहे. बाकी सगळं गंजलंय, बॅलन्स तेवढा शाबूत. दोन घड्याळांतून एकच चालू होईल."

"कुणाचं?"

निलोफरनं वडिलांकडे पाहिलं. निसारभाई म्हणाले, "तुमचं. यात विचारायचं काय? नानाला मी समजावीन. मला दुसरं काही देता येणार नाही, सिस्टर. एवढं करू द्या."

विमलाबाईंनी आपलं घड्याळ उचललं, परत ठेवलं. मग दुसरं उचललं. "ह्या नानांना फोन लाव बरं."

निलोफरनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "बोल पोरी! मिळालं का चाक?"

"बघतोय, नाना. पण तोवर एखादं नवं घेऊन टाका ना. मोबाईलवर पण वेळ दिसते."

"येळ दिसती गं. येळ काय, कोंबडा पन सांगतो." नाना म्हणाले. "पन सकाळी उठून त्याला चावी दिल्याबिगर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाय बघ. गाडी काढायच्या आधी देयाचो, तीच सवय. आता गाडी नाय, नुसती चावीची सवय राह्यली. रिकाम्या मनगटालाच बोटं लागत्यात. घाई नाय, पोरी. पन तेवढं जमव."

फोन बंद झाला. खिडकीतून खालच्या बोळातला गलका वर येत होता. विमलाबाईंनी दोन्ही घड्याळं डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. "मला चार दिवस द्या," त्या म्हणाल्या.

चार दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी घरात सांगून टाकलं. "माझ्या घड्याळाचं चाक त्या नानांना देतेय. मी नवं घेईन."

नवनाथचा कप हातातच राहिला. नवं घे म्हणून मागे लागलेला तोच. पण आता त्याचा चेहरा उतरला. "देतेय म्हणजे? मोडून?"

"मोडल्याशिवाय कसं देणार?"

"आई, ते आजोबांनी घेतलेलं आहे. चालत नाही तर नाही, शोकेसमध्ये ठेवलं असतं. मी फ्रेम करणार होतो. त्यांच्या फोटोशेजारी लावायची म्हणून."

"शोकेसमध्ये ठेवायला मी अजून मेले नाही," विमलाबाई म्हणाल्या, "आणि ते पण नाही मेलेलं. त्याच्यातलं एक चाक चांगलं आहे."

"पण आजोबांची एवढी एकच वस्तू आहे आपल्याकडे."

विमलाबाईंनी कप खाली ठेवला. "तुझे आजोबा गेले तेव्हा तू लहान होतास. तुला आठवत नसेल. लासलगावच्या घरात सगळी भावकी जमलेली, आणि मी डोळ्यांच्या पेढीला फोन केला. केवढा कालवा झाला माहितीये? काका म्हणाला, बापाला फाडायला निघालीस. आत्या म्हणाली, पुढच्या जन्मी आंधळा होईल. मी म्हटलं, पुढचा जन्म कुणी पाहिलाय? ह्या जन्मात माझ्या बापानं खाली मान घालून गोण्या वाहिल्या. डोळे तरी कुणाच्या तरी चेहऱ्यात ताठ बघू देत. मी उंबऱ्यात उभी राहिले. डॉक्टर येऊन डोळे घेऊन गेले, मगच बुद्धवंदना झाली." त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही. "माझ्या बापाचे डोळे मी दिले, नवनाथ. घड्याळाचं काय घेऊन बसलास?"

चैताली ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, ती वळून बघत राहिली. नवनाथ उठला. कारखान्यात जायला निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "दुकानात कधी जाणार आहेस? मी सोडतो गाडीवर."

निलोफर काम करत होती तेव्हा विमलाबाई समोर बसून राहिल्या, शस्त्रक्रियेला नातेवाईक बसतात तशा नाही, तर मदतीला थांबलेली नर्स असते तशा. नवनाथ दारात उभा होता. चिमट्यानं ते केसाएवढ्या पातळ कमानीचं चाक उचललं गेलं, दुसऱ्या घड्याळात बसलं. निलोफरनं हळूच चावी दिली. चाक एकदा डुललं, थांबलं, आणि मग धावायला लागलं. निलोफरनं ते उचलून आधी विमलाबाईंच्या कानाला लावलं.

"काय म्हणतंय?" स्टुलावरून निसारभाईंनी विचारलं. डॉक्टरांची परवानगी होती, नव्हती, ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

"तुमच्यापेक्षा बरं चाललंय," विमलाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी कपाटातून स्वतःसाठी एक नवं घड्याळ निवडलं. साधं, स्वच्छ आकड्यांचं, सेकंदाचा काटा लाल. पैशांवरून निसारभाईंशी थोडी झटापट झाली आणि त्यात विमलाबाई जिंकल्या. नवनाथनं आपल्या हातानं ते आईच्या मनगटावर बांधलं.

बहिरूनाना त्याच आठवड्यात द्राक्षांची पेटी घेऊन दुकानात आले, आणि पत्ता विचारत विचारत तडक सिडकोत. उंच, काटकुळे, पांढऱ्या टोपीतले. दारात उभं राहून त्यांनी मनगट पुढे केलं. गल्लीतल्या बाया करतात तसंच. विमलाबाईंची बोटं आपसूक नाडीवर गेली.

"नाडी नाय हो, बाई," नाना हसून म्हणाले, "घड्याळ बघा म्हनतो."

"बघितलं. पण नाडी पण चांगली आहे तुमची. आत या."

द्राक्षं गल्लीभर वाटली गेली.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. जुलेखाबींच्या मोहल्ल्यात तोवर बातमी पसरली होती, की निलोफरच्या दुकानात आलेल्या एका सिस्टरनं नुसता हात धरून निसारभाईंचं दुखणं ओळखलं. बाया जुलेखाबींना विचारायला लागल्या, आमची पण नाडी बघतील का? आणि एक जण म्हणाली, बघतील नाही, शिकवतील का? आमच्या घरात पण म्हातारी माणसं आहेत.

निलोफरनं भीत भीत विचारलं. विमलाबाईंनी विचार करायलाही वेळ घेतला नाही.

आता दर आठवड्याला एका दुपारी जुलेखाबींच्या वरच्या खोलीत सतरंजी अंथरली जाते. मोहल्ल्यातल्या बाया येतात. सिडकोतल्या दोघी-तिघीही विमलाबाईंबरोबर बसनं येतात, चैतालीसुद्धा. पहिल्या दिवशी सगळ्या आपापल्या मनगटावर अंगठा दाबून बसल्या होत्या.

"अंगठा नाही," विमलाबाई म्हणाल्या. "अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते, तो आपलंच सांगत बसतो. दोन बोटं. हलकी. दाबायचं नाही, ऐकायचं. आणि आपल्या हातावर नको, शेजारणीचा हात घ्या."

बायांनी एकमेकींचे हात घेतले. बांगड्या वर सरकल्या. कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी "मिळेना बाई" म्हणालं, आणि विमलाबाईंनी जाऊन तिची बोटं जराशी सरकवून दिली. मग खोलीत शांतता झाली. जुलेखाबींचे डोळे मोठे झाले. त्यांनी चैतालीचा हात धरला होता.

"मिला," त्या म्हणाल्या. "मिला! ये देखो, चल रहा है!"

विमलाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "हं. आता मोजायला लागा."